जीप : टोलेडोपासून भोकरपर्यंत

मराठवाड्यात ‘जीप’ हे कंपनीचे नाव म्हणून फारसे कोणी वापरत नाही. ते मोटारीच्या एका जातीचे नाव आहे. भोकर, हिमायतनगर, किनवट या भागातल्या माणसाला विचारावे, की काल गावी कसे गेलात, तर तो सहज म्हणतो, ‘जीपने गेलो.’ मग ती गाडी कमांडर असो, मार्शल असो की आणखी कोणती. मागे समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्रीचे हूड आणि पुढे दोन गोल दिवे असले की झाली ती जीप. वनस्पती तुपाच्या कोणत्याही डब्याला लोक ‘डालडा’ म्हणतात, तसाच हा प्रकार. 

मग ही जीप खरी कोणाची? ज्याने तिचा आराखडा काढला त्याची, ज्याने लाखोंनी बनवली त्याची, ज्याने नाव नोंदवले त्याची, की ज्याने ती पन्नास वर्षे दुरुस्त करून चालवली त्याची? गंमत अशी, की या प्रश्नाचे काही भाग अमेरिकेत दोन वेळा सरकारी आयोगापुढे गेले. पहिल्या वेळी जबाब द्यावा लागला तो अमेरिकेतल्याच विलिस कंपनीला. दुसऱ्या वेळी, म्हणजे २०१८ साली, ज्या कंपनीविरुद्ध तक्रार झाली ती आपल्या मुंबईची होती. या दोन तक्रारींच्या मधल्या काळात ही गाडी काय होती आणि काय झाली, ते आपण पाहू.

डबघाईला आलेली कंपनी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. जॉन नॉर्थ विलिस या हुशार विक्रेत्याने ‘ओव्हरलँड’ नावाची अडचणीत सापडलेली मोटार कंपनी हाती घेतली आणि १९०९ च्या सुमारास तिचा कारभार या शहरात आणला. पुढे तिचे नाव विलिस-ओव्हरलँड झाले. १९१२ ते १९१८ या काळात अमेरिकेत मोटारींच्या विक्रीत फोर्डच्या खालोखाल हीच कंपनी होती. नंतर मात्र मंदी आली. १९३३ साली कंपनीचे दिवाळे निघाले, १९३५ साली विलिस वारला. कंपनी कशीबशी तगून राहिली.

१९३८ साली तिच्याकडे डेल्मर रूस नावाचा अभियंता आला. कंपनीजवळ नवे इंजिन बनवायला पैसा नव्हता. रूसने जुन्याच चार सिलिंडरच्या इंजिनावर काम केले. त्याचे एकेक भाग तपासून, जिथे कमजोर होते तिथे सुधारून, त्याने त्याची शक्ती ४८ अश्वशक्तीवरून ६० वर नेली. इंजिनाचा आकार होता सुमारे २२०० घन सेंटिमीटर. हे इंजिन पुढे फार मोठे काम करणार होते.

अकरा दिवसांची मुदत

दुसरे महायुद्ध युरोपात सुरू झाले होते. अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, पण तिच्या लष्कराला घोडे आणि साइडकारच्या मोटारसायकली यांच्या जागी एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कारखानदारांकडे निविदा मागवल्या. निविदा ११ दिवसांत द्यायची आणि पहिली नमुना गाडी ४९ दिवसांत. गाडीचे वजन मागितले होते सुमारे १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोग्रॅम! चार चाकांना जोर देणारी यंत्रणा, सैनिक आणि बंदूक हे सारे वाहून नेणारी गाडी इतकी हलकी होणे शक्यच नव्हते. बहुतेकांनी नाद सोडला.

पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची अमेरिकन बँटम ही छोटी कंपनी मात्र पुढे आली. तिने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा काढला. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला असताना, बँटमची गाडी मेरिलँडमधील लष्करी चाचणी तळावर पोहोचली. चाचणीत ती उत्तम ठरली.

पण लष्कराला गाड्या लागणार होत्या लाखांच्या संख्येने, आणि बँटमचा कारखाना होता लहान. तेव्हा लष्कराने बँटमचे नकाशे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांच्या हाती दिले आणि तुम्हीही करून दाखवा म्हणून सांगितले. विलिसच्या गाडीत रूसचे ते दणकट इंजिन होते. ताकदीत तिची बरोबरी कोणी करू शकले नाही. मात्र वजन वाढवून दिलेल्या मर्यादेलाही ओलांडून जात होते. शंभर-सव्वाशे किलोग्रॅम वजन उतरवायचे होते. तेव्हा रूसच्या माणसांनी गाडी सुटी केली आणि एकूण एक भाग तराजूत घातला. बोल्ट जरुरीपेक्षा लांब असेल तर त्याचे टोक कापले. पत्रा जिथे पातळ चालेल तिथे पातळ केला. शेवटी रंगाचेही वजन धरावे लागले आणि गाडीला एकच हात रंग द्यायचा असे ठरले, अशी आठवण सांगतात. 

अखेर विलिसचा नमुना मंजूर झाला. युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे साडेतीन लाख आणि त्याच नमुन्यावर फोर्डने पावणेतीन लाखांच्या वर गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहून कमी गाड्या आल्या. नंतर तिला जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरचे काम देण्यात आले. 

युद्ध चालू असतानाच विलिस कंपनी ‘जीपची जन्मदाती मीच’ अशा जाहिराती करू लागली. १९४३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने यावर हरकत घेतली. १९४८ साली निकाल लागला, की ही कल्पना बँटम कंपनी आणि लष्करी अधिकारी यांनी मिळून साकारली. विलिसने एकटीने श्रेय घेऊ नये. पण गाड्या तर विलिसच बनवत होती. १९५० साली ‘जीप’ हे नाव तिच्याच मालकीचे म्हणून नोंदले गेले. हा शब्द आला कोठून यावर मात्र एकमत नाही. कोणी म्हणतात लष्करी आद्याक्षरांवरून. कोणी म्हणतात १९३६ साली पॉपायच्या चित्रमालिकेत आलेल्या, कुठेही जाऊ शकणाऱ्या ‘यूजीन द जीप’ या प्राण्यावरून.

चारही चाकांना जोर

आता थोडे विज्ञान. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. जीपमध्ये गरज पडल्यास तो चारही चाकांना देता येतो. यामुळे नेमका फरक किती पडतो ते आकड्यांनी पाहू.

समजा, माणसांसह जीपचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि ते पुढच्या-मागच्या आसांवर निम्मे-निम्मे, म्हणजे ६००-६०० पडते. वाट ओली आहे आणि चाक व जमीन यांच्यातील घर्षणांक ०.३ आहे. फक्त मागची चाके ओढत असतील तर न घसरता त्यांना जास्तीत जास्त ६०० × ०.३ म्हणजे १८० किलोग्रॅम-भार इतकाच जोर लावता येईल. इंजिन कितीही ताकदीचे असो, त्याहून जास्त जोर लावला की चाक जागीच फिरेल. चारही चाके ओढू लागली तर हीच मर्यादा १२०० × ०.३ म्हणजे ३६० वर जाते. आता पाचास एक असा चढ आला. तो चढायला वजनाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे २४० किलोग्रॅम-भार जोर हवा. पहिली गाडी तिथेच थांबेल, दुसरी वर जाईल. हिशेब ढोबळ आहे, कारण चढावर वजन थोडे मागे सरकते आणि चिखलाचाही विरोध असतो. पण मुद्दा लक्षात यावा.

ड्रायव्हरजवळ नेहमीच्या गियरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असत. एकाने पुढची चाके जोडायची, दुसऱ्याने गाडी ‘लो’ गियरमध्ये टाकायची. नागरी जीपच्या सीजे-३बी या नमुन्यात पहिला गियर सुमारे २.८ पट, ‘लो’चा गियर सुमारे २.४६ पट आणि आसावरचा गियर ५.३८ पट वेग कमी करी. तिघांचा गुणाकार करा : सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा! इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर चाक सुमारे ५४ फेरे घेईल. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला तर गाडी ताशी जेमतेम सात किलोमीटरने चालेल. भरभर चालणारा माणूस तिच्याबरोबर जाईल. पण वेग जितका कमी झाला तितक्या पटीने चाकाचा पीळ वाढला. उसाची गाडी चिखलातून काढताना बैलांना पळवत नाहीत, सावकाश नेटाने ओढायला लावतात, तेच हे.

तरीही जीप अडकत नाही असे नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची गियरची पेटी आसात बसवलेली असते. ही पेटी सरळ स्वभावाची आहे. ज्या चाकाला विरोध कमी, त्याला ती जास्त फिरू देते. एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्यावर असेल, तर चिखलातले चाक गरगर फिरते आणि कोरड्यावरचे गप्प उभे राहते. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांवर प्रत्येकी एक चाक असे सापडले, की चारी चाकांचा जोर असून नसल्यासारखा. मग पऱ्हाट्या, तुराट्या, दगड हाती लागेल ते त्या चाकाखाली टाकायचे, नाहीतर जवळच्या शेतातली बैलजोडी बोलवायची. 

माझगावात जीप

युद्धकाळात भारत सरकारचे एक खरेदी मंडळ वॉशिंग्टनमध्ये होते. त्याचे प्रमुख होते कैलाशचंद्र महिंद्र. तिथे त्यांची रूसशी भेट झाली आणि जीप पाहायला मिळाली. रणांगणावर टिकलेली ही गाडी आपल्या खेड्यांच्या कच्च्या वाटांवरही टिकेल, हे त्यांच्या लक्षात आले. १९४५ साली त्यांनी, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले.

१९४७ साली या कंपनीने विलिसकडून सुट्या भागांच्या रूपात ७५ जीपगाड्या आणवल्या. मुंबईत माझगाव येथे त्यांची जोडणी होऊ लागली. त्या वेळी मुंबईत अमेरिकन मोटारी जोडण्याचे आणखीही कारखाने होते. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडत होती. १९५३ साली भारत सरकारने ठरवले, की नुसती जोडणी चालणार नाही. हळूहळू सगळे भाग इथेच बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. महिंद्र कंपनीने १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवायला सुरुवात केली. माझ्या मते जीपच्या भारतीय कहाणीतला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण. कारण जो भाग इथे बनतो, तो इथे दुरुस्तही होतो.

इकडे टोलेडोत मालक बदलत राहिले. १९५३ साली कैझर कंपनीने विलिसला विकत घेतले. १९७० साली अमेरिकन मोटर्सने, १९८७ साली क्रायस्लरने. नंतर जर्मनांची, मग इटालियनांची भागीदारी आली आणि २०२१ पासून ‘जीप’ हे नाव स्टेलांटिस या समूहाकडे आहे. सीजे-३बी टोलेडोत १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. भारतात तिचा सांगाडा त्यानंतरही कित्येक दशके बनत राहिला. जपानात मित्सुबिशीनेही १९५३ पासून ४५ वर्षे जीप बनवली, आणि फिलिपिन्समध्ये लोकांनी युद्धात उरलेल्या जीपा लांबवून, रंगवून त्यांची ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी केली. 

काळी माती

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, नांदेडहून सुमारे ५० किलोमीटरवर, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर. उत्तरेला किनवट-माहूरचे सागवानी डोंगर. लोहमार्ग होता म्हणून गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध होता. पण स्टेशनापासून वाडी-तांड्यापर्यंत जायचे तर बैलगाडी किंवा पाय. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे निघाली, तेव्हा अनेक गावांना पहिला मुरमाचा रस्ता मिळाला. तोही पावसाळ्यात ओढ्यापाशी तुटायचा.

या भागातल्या काळ्या भारी जमिनीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात, आणि पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व कण फुगतात. म्हणून ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडते. ओली झाली की ती भोकराच्या फळातल्या गरासारखी चिकटते. टायरच्या खाचा जमिनीला पकडण्यासाठी असतात. काळा चिखल त्या खाचाच भरून टाकतो आणि टायर गुळगुळीत होऊन बसते. मघाशी आपण घर्षणांक ०.३ धरला, असल्या चिखलात तो त्याहूनही खाली जातो. मग चारी चाकेही कमी पडतात. जुने ड्रायव्हर अशा वेळी टायरला दोर किंवा साखळी गुंडाळत. टायरला नव्या खाचा दिल्यासारखेच ते.

अशा मुलखात पहिल्यांदा जीप आली ती बहुधा सरकारी कामाने. तहसीलदार, गटविकास अधिकारी, जंगल खाते आणि दवाखाना यांच्याकडे ती असे. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने देशभरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना जीपा दिल्या. हिवतापाची फवारणी, देवीची लस, पुढे लाल त्रिकोण रंगवलेली कुटुंबनियोजनाची गाडी या सगळ्या कामांत ती होती. अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर न्यायचे आणि नदी उतरेपर्यंत थांबायचे, हा अनेक गावांचा अनुभव होता. ओढ्यातून गुडघाभर पाणी कापत येणारी जीप तिथे केवढी मोठी गोष्ट असेल, याची कल्पना डांबरी रस्त्यावर वाढलेल्या मुलाला येणे कठीण आहे.

बाळगणाऱ्यांचे अनुभव

सरकारी लिलावातून, लष्कराच्या ‘डिस्पोजल’मधून किंवा नवी म्हणून घेऊन ज्यांनी जीप बाळगली त्यांना ती सुखाची गाडी कधीच वाटली नाही. तिच्यात बसणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे. पुढे-मागे पोलादी पाट्यांच्या ताठ कमानी, बाजूला दारे नाहीत, पावसात हूडच्या फटींतून पाणी आत. पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या आसनाखाली. पेट्रोल भरायचे तर ड्रायव्हरने आधी उठायचे! पहिला गियर चालत्या गाडीत पडत नसे; क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाला थोडी रेस देऊन दातांची गती जुळवावी लागे. ज्याला हे साधले नाही त्याच्या गाडीची करकर गावाच्या वेशीपासून ऐकू येई. थंडीत बॅटरी बसली की पुढून हँडल मारायचे. हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा पहिला धडा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.

तरी लोक तिला सोडत नव्हते, आणि त्याचे कारण बोनेट उघडले की दिसे. आत भरपूर मोकळी जागा. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. कार्ब्युरेटर, डायनॅमो, पाण्याचा पंप हे सारे मोजक्या पान्यांनी सुटे होई. आसाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा, ज्याला मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, तो झाडाखाली बसून बदलता येई. पाटा तुटला तर लोहार दुसरा ठोकून देई. घाईच्या काळात, साध्या सैनिकाला रानात दुरुस्त करता यावी म्हणून जे सोपेपण रूस आणि प्रोब्स्ट यांनी ठेवले, त्याचा लाभ तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला मिळाला. या मिस्त्रींपैकी फार थोड्यांनी इंजिनियरिंगचे पुस्तक उघडले असेल. सुटे करून, पाहून, पुन्हा जोडून ते शिकले.

जीपचा मोठा दोष म्हणजे तिची भूक. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि पेट्रोलच्या किमती एकदम चढल्या. पेट्रोलची जीप पोसणे परवडेना. यावर निघालेला उपाय मोठा मजेदार आहे. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर १९६३ साली ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला होता. त्या ट्रॅक्टरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन जीपच्या बोनेटखाली आले! ते सावकाश फिरणारे, जड आणि दणदण आवाज करणारे. पण डिझेल स्वस्त, आणि इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे. जुन्या पेट्रोल जीपांत डिझेल इंजिन बसवून देणारी गॅरेजेसही शहरोशहरी निघाली. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि पुढच्या जीपांत प्यूजोच्या नमुन्याचे डिझेल इंजिन आले. 

म्हणजे पाहा, सांगाडा विलिसचा, समोरच्या उभ्या फटींची जाळी मूळ फोर्डच्या डोक्यातून निघालेली, इंजिन आधी ट्रॅक्टरचे आणि मग फ्रेंच, पत्रा आणि पोलाद इथले, दुरुस्ती भोकरच्या मिस्त्रीची. तरी तिला पाहून प्रत्येकजण जीपच म्हणणार.

काळी-पिवळी आणि गुरुत्वमध्य

१९८० नंतर जीपचे रूप आणखी पालटले. सांगाडा लांब झाला, मागे बाकडी आली आणि ती भाड्याने माणसे नेऊ लागली. काळ्या-पिवळ्या रंगाच्या या गाड्यांना लोक ‘काळी-पिवळी’ म्हणतात. एस. टी. जिथे दिवसातून एकदा येई तिथे या गाड्या भरल्या की सुटत. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जाणे सोपे झाले. यातल्या पुष्कळ गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर नव्हताच. रस्ते सुधारले होते आणि पुढचा आस नसला की गाडी स्वस्त पडे. ज्या गुणासाठी जीप जन्मली, तोच गुण असा गळून पडला.

पण एक धोका वाढला, आणि तो तुमच्या रोजच्या प्रवासातला असल्याने नीट समजून घ्या. आगपेटी टेबलावर आडवी ठेवा आणि टेबलाची फळी तिरपी करत जा. मग तीच पेटी उभी ठेवून तसेच करा. उभी पेटी फार लवकर कोलमडते. तिचा पाया लहान आणि गुरुत्वमध्य उंचावर असतो. गाडी वळणावरून जाताना अशीच बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. 

समजा, जीपच्या दोन चाकांतील अंतराचा निम्मा भाग ६१ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. तीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ती ताशी सुमारे ५८ किलोमीटरला उलटण्याच्या काठावर येते. आता टपावर माणसे आणि पोती चढवली, मागच्या फळीवर मुले लोंबकळली. गुरुत्वमध्य समजा ११० सेंटिमीटरवर गेला. मर्यादा उतरून ताशी सुमारे ४६ किलोमीटर होते. यात पाट्यांच्या कमानी एका बाजूला दबल्याने पडणारा झोक धरलेला नाही. तो धरला तर आकडा आणखी खाली येतो. सीताखांडीच्या घाटासारख्या वळणांवर वेग किती असतो आणि टपावर किती जण असतात, हे पाहून विद्यार्थ्यांनी स्वतःच हिशेब करावा. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर सोडवून घ्यावे. चार सैनिकांसाठी आखलेल्या गाडीच्या या वंशजांत पंधरा-वीस माणसे बसलेली पाहिली, की रूसने बोल्टांची टोके कापून वाचवलेले वजन आठवते.

पुन्हा अमेरिकेत

मार्च २०१८ मध्ये महिंद्रने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची गाडी विकायला काढली. ती मिशिगन राज्यात, ऑबर्न हिल्स येथे जोडली जात होती. क्रायस्लरचे अमेरिकेतील मुख्यालयही याच गावात आहे. रॉक्सर सडकेवरून चालवण्यासाठी नव्हती. शेतात, रानात वापरण्याची ती गाडी. पाट्यांच्या कमानी, पोलादी पत्रा, डिझेल इंजिन, समोर उभ्या फटींची जाळी आणि गोल दिवे. टोलेडोहून मुंबईला गेलेली जुनी सीजेच ७१ वर्षांनी माहेरी आली होती म्हणा ना.

‘जीप’ नावाची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लर कंपनी होती. तिने ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नोंदवली, की रॉक्सरचा चेहरामोहरा आमच्या जीपचा आहे. महिंद्रचे म्हणणे होते, की आम्ही १९४७ पासून परवाना घेऊन हीच गाडी बनवत आलो. इंजिन, गियर, पोलाद यांच्याविषयी वाद नव्हता. वाद होता तो उभट बाजूंची चौकोनी अंगकाठी, पुढची चाकझाकणे, बोनेटच्या बाहेरच्या खिट्ट्या अशा नजरेला दिसणाऱ्या खुणांचा. जून २०२० मध्ये आयोगाने निकाल दिला, की गाडीच्या एकूण रूपामुळे जीपच्या हक्काचा भंग होतो. तेव्हा महिंद्रने रॉक्सरचा समोरचा चेहरा बदलला. डिसेंबर २०२० मध्ये नव्या रूपाच्या रॉक्सरला आयोगाने मोकळीक दिली. न्यायालयांतला वाद त्यानंतरही चालला.

या सगळ्याच्या थोडे आधी, २०१७ साली, जीप कंपनी स्वतःच्या नावाने महाराष्ट्रात आली होती. पुण्याजवळ रांजणगाव येथे तिची ‘कंपास’ ही गाडी तयार होऊ लागली. ती वातानुकूलित, मऊ आसनांची आणि संगणकाने इंजिन सांभाळणारी आहे. तिच्या नाकावर सात उभ्या फटी आहेत. बोनेट उघडले तर मात्र आत हात घालायलाही जागा नाही.